गणितांत राजकारण नको म्हणणाऱ्यांस आमचा खुलासा

गणित हा शुद्ध विषय आहे, त्यांत गांवच्या भानगडी आणूं नयेत, असें एक वाक्य अलीकडे आम्हांस वरचेवर ऐकूं येऊं लागलें आहे. केंद्राच्या सभेंत तें ऐकलें, पालकसभेंत ऐकलें, आणि गेल्या सत्रांत तर तें सहीशिक्क्याचा पोशाख चढवून आमच्या शाळेच्या टपालांत आलें. सातवीच्या वर्गांत आम्हीं उसाच्या बिलाचें एक उदाहरण घातलें होतें. तें एका संचालकसाहेबांच्या सोयऱ्यास झोंबलें. त्यानें वर कळविलें. आणि वरच्यांनीं पाठ्यपुस्तकाबाहेरचीं वादग्रस्त उदाहरणें घातल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. खुलासा आम्हीं चार ओळींत दिला. परंतु चार ओळींत मावण्यासारखी ही गोष्ट नाहीं, व ती एका शाळेचीही नाहीं. सबब येथें विस्तारानें लिहितों.

आधीं तें उदाहरणच वाचकांपुढें ठेवतों, म्हणजे त्यांत दारूगोळा किती होता हें ज्याचें त्यास कळेल. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें उसाचा रास्त व किफायतशीर दर टनास ३,५५० रुपये ठरविला. हा दर १०.२५ टक्के उताऱ्यास. उतारा ०.१ टक्क्यानें वाढला कीं टनामागें ३४ रुपये ६० पैसे वाढावयाचे. आतां एका कारखान्याचा उतारा ११.२५ धरा. दहा पायऱ्या वाढल्या, म्हणजे ३४६ रुपये; दर झाला ३,८९६. तोडणी-वाहतुकीचे समजा ८९६ गेले, राहिले ३,०००. शेतकऱ्यानें ६० टन ऊस घातला. येणें झालें १,८०,००० रुपये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणें ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. न दिल्यास पुढील दिवसांचें वर्षास १५ टक्के व्याज. कारखान्यानें १४ दिवसांवर आणखी ७३ दिवस लावले. व्याज किती? ७३ दिवस म्हणजे वर्षाचा पांचवा हिस्सा. १५ चा पांचवा हिस्सा ३. उत्तर ५,४०० रुपये.

टक्केवारी, दशांश, गुणाकार, सरळव्याज, सर्व कांहीं ह्यांत आहे. अभ्यासक्रमानें जें शिकवावयास सांगितलें तेंच आम्हीं शिकविलें. मग झोंबलें काय? उत्तर काढून झाल्यावर एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, हे ५,४०० आमच्या आप्पांना कोणत्या खिडकीवर मिळतात?" सारा दारूगोळा काय तो ह्या प्रश्नांत होता. तो आम्हीं घातला नव्हता. तो उत्तराच्या पोटांतून निघाला. आणि ज्या उत्तरांतून पुढचा प्रश्न निघत नाहीं, तें उत्तर पोरानें काढलें काय किंवा शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरलें काय, सारखेंच.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. व्यवहारी गणित ही कांहीं आमची नवी टूम नव्हे. पंतोजीच्या शाळेंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी छडीच्या धाकानें घोकून घेत, तें कांहीं मोक्षासाठीं नव्हे. साडेतीन शेर तूप साडेतीन रुपये भावानें किती, हें चटकन सांगतां यावें म्हणून औटकी. तें सर्व व्यवहारासाठींच होतें. परंतु कोणाच्या व्यवहारासाठीं? गादीवर बसून मापणाऱ्याच्या व दप्तर सांभाळणाऱ्याच्या. जो मापून घेतो, ज्याच्या नांवावर दप्तरांत लिहिलें जातें, त्याच्या पोरास त्या शाळेचें दारच बंद होतें. गणितांत व्यवहार आणा असें म्हणणारे आजही पुष्कळ आहेत, शासनाचे कागदही तसेंच म्हणतात. पण कोणाचा व्यवहार, हें विचारलें कीं सभेंत शांतता पसरते.

उदाहरणसंग्रह उघडून पहा. रमेश बँकेंत ठेव ठेवतो. सुरेश घड्याळ शेकडा वीस नफ्यानें विकतो. कोणी एक गृहस्थ दिवाणखान्यास फरशी बसवितात व फरशा किती लागल्या हें आमच्या पोरांनीं मोजावयाचें, ज्यांच्या घरीं जमीन शेणानें सारवलेली आहे. ह्यांत राजकारण नाहीं काय? ठेव ठेवणारा तो शुद्ध गणित, आणि कर्ज काढणारा तेवढा राजकारण, हा न्याय कोठला? विकणाऱ्याचा नफा शिकवावयास हरकत नाहीं, पण पिकविणाऱ्याचा तोटा फळ्यावर लिहिला कीं खुलासा द्या!

२०१९ सालच्या जूनमध्यें दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकांत त्रेसष्टास 'साठ तीन' म्हणावें कीं काय ह्यावरून महाराष्ट्रभर केवढें रण माजलें तें वाचकांस आठवत असेल. वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्रेसष्ट म्हणा नाहींतर साठ तीन म्हणा, पण ते त्रेसष्ट काय आहेत, रुपये कीं दिवस कीं उपाशी माणसें, हें कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

थोडें मागें जाऊं. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, बाजाराच्या ठिकाणीं, कुणब्यांनीं सावकारांच्या पेढ्या गांठल्या, आणि मग पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत गांवोगांव तेंच झालें. त्यांनीं मागितलें काय? धान्य नव्हे, दागिने नव्हेत. त्यांनीं कर्जरोखे मागितले आणि जाळले. जो कागद वाचतां येत नाहीं तो जाळण्यावांचून माणसापुढें दुसरा उपाय उरत नाहीं. पुढें १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यानें शेतकऱ्यास पावती मागण्याचा व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. हक्क चांगला, परंतु उतारा हातांत पडल्यावर तो वाचणार कोण? म्हणून जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जें लेखी निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीचें मूलज्ञान हवें असें स्पष्ट मागितलें. आणि मास्तर असा हवा कीं ज्यास कुणब्याच्या गरजा कळतात व नांगरास हात लावण्याची लाज वाटत नाहीं, असेंही म्हटलें. शेतकऱ्याच्या पोराचा हिशेब हा शेतकऱ्याच्या सुटकेचा प्रश्न आहे, हें त्या पुरुषानें ओळखलें होतें.

ही जुनी गोष्ट झाली असें कोणी म्हणेल. त्यानें आमच्याबरोबर मंगळवारीं सकाळीं गांवच्या समाजमंदिरांत यावें. सावकाराच्या शेजारीं आतां मोटारसायकलवरून येणारा वसुलीवाला उभा राहिला आहे. बायांच्या गटास कर्ज मिळतें. व्याज फक्त बारा टक्के, असें तोंडीं सांगतात. समजा २४,००० रुपये घेतले, मुदत वर्षाची, हप्ते १२. बारा टक्क्यांनीं व्याज २,८८०; एकूण २६,८८०; हप्ता २,२४० रुपयांचा. सर्व सरळ दिसतें. आम्हीं सहावीच्या पोरांस एवढेंच विचारलें कीं, पहिल्या महिन्यांत आईपाशीं मुद्दल किती होतें? २४,०००. एक हप्ता गेल्यावर? मुद्दलांतले २,००० परत गेले, राहिले २२,०००. पुढें २०,०००. असें उतरत शेवटच्या महिन्यांत अवघे २,०००. ह्या बारा आंकड्यांची सरासरी काढा. १३,००० आली. म्हणजे वर्षभर वापरावयास मिळाले सरासरीनें १३,०००, आणि व्याज दिलें २,८८०. शेकडा किती पडलें? बावीसांहून अधिक! बारा म्हणतात आणि बावीस घेतात. ज्या वर्गास सरासरी हा धडा तीन वर्षें क्रिकेटच्या धावांवरून शिकविला जात होता व तरी परीक्षेंत चुकत होता, त्या वर्गानें तो एका तासांत असा पक्का केला कीं दुसऱ्या दिवशीं तीन आया कर्जाचीं कार्डें घेऊन शाळेच्या दारांत उभ्या राहिल्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणें असें सूक्ष्मकर्ज देणारानें खरा वार्षिक दर कागदावर लिहून द्यावयाचा आहे. म्हणजे १८७९ सालीं उतारा मिळाला, २०२२ सालीं दरपत्रक मिळालें. वाचणारा कोठून आणावयाचा, तो प्रश्न शाळेच्या पायरीशीं येऊन बसलाच आहे, आणि आम्हांस सांगतात कीं त्याच्याकडे पाहूं नका, तो राजकारण आहे.

दुसरा एक आक्षेप जरा शहाण्या माणसांचा आहे, त्याचा आम्ही आदरानें विचार करतों. ते म्हणतात, बाजारहाटाचे हिशेब ठीक, पण त्यानें खरें गणित, बीजगणित-भूमिति, मागें पडेल. पोरें आडाणी हिशेबनीस होतील. त्यांस आम्ही सावकारीचेंच उदाहरण देतों. शेकडा पांच म्हणजे खेड्यांत महिन्याचे पांच, वर्षाचे साठ. २०,००० रुपये घेतले तर महिन्यास १,००० व्याज. विसाव्या महिन्यांत व्याज मुद्दलाएवढें होतें. (दामदुपटीचा जुना दंडक येथेंच सांगावा, कीं एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागतां येत नाहीं, आणि २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, हेंही.) आतां व्याजावर व्याज धरा. दर महिन्यास रक्कम १.०५ पट. पंधराव्या महिन्यांत ती दुपटीस ओलांडते. पहिला हिशेब चौकटीच्या कागदावर मांडला तर सरळ रेघ निघते, दुसरा मांडला तर रेघ वर वळते आणि वळतच जाते. ती कां वळते हें सांगावयास घातांक लागतो, अक्षर लागतें, समीकरण लागतें. सांगा, बीजगणित मागें पडलें कीं दारांत येऊन उभें राहिलें?

आणि ह्या बाबतींत नुसत्या आमच्या अनुभवावर विसंबण्याचें कारण नाहीं. ब्राझील देशांतील रेसिफे शहरांत रस्त्यावर नारळ-फळें विकणाऱ्या मुलांची तपासणी झाली, ती १९८५ सालीं छापली गेली. मुलें पांचच होतीं, परंतु गोष्ट बोलकी आहे. गिऱ्हाइकाशीं बोलतांना त्यांचे हिशेब शंभरांत ९८ बरोबर. तसलींच गणितें कागदावर नुसत्या आंकड्यांनीं दिलीं तर शंभरांत ३७. फेब्रुवारी २०२५ मध्यें अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अभ्यासकांनीं कलकत्ता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत जें प्रसिद्ध केलें, त्यांतही तेंच निघालें. आणि उलट बाजूनें असेंही निघालें कीं शाळेंत गणितें सोडविणारीं मुलें बाजारांतील साध्या सौद्याशीं अडखळतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांतील अभ्यासकांनीं धारावींतील कामकरी मुलांच्या मापनज्ञानाचा अभ्यास केला आहे. एक ज्ञान दुसऱ्यांत आपोआप उतरत नाहीं, मध्यें पूल बांधावा लागतो. तो पूल बांधणें हेंच मास्तराचें काम.

म्हणून, बाजारच शिकवितो, शाळा कशाला, असें म्हणणारा मनुष्य आम्ही आपला समजत नाहीं. खेड्यांतल्या पोरास हिशेबापुरतें गणित पुरे, उच्च गणित शहरांतल्यांस, ही गोड बोलून केलेली वाटणीच आहे. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजाजींनीं अर्धा दिवस शाळा व अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना काढली होती. तेथील द्राविड चळवळीनें तिला कुलपरंपरेचें शिक्षण म्हणून असा कडवा विरोध केला कीं १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री होतांच ती रद्द झाली. आमचें म्हणणें त्या योजनेच्या अगदीं उलट आहे. कुंभाराच्या पोरानें मडकींच मोजावींत असें आम्ही म्हणत नाहीं. मडक्याच्या घेरापासून निघून त्यानें वर्तुळाच्या सिद्धांतापर्यंत जावें, आणि तेथून मागें वळून बाजारांतील दलालीकडेही पाहावें, असें म्हणतों.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें २००५ च्या आराखड्यानंतर चौथी-पांचवीसाठीं जीं गणिताचीं पुस्तकें काढलीं, त्यांत भंगार विकत घेणाऱ्या बाईच्या धंद्याचा हिशेब होता, कोळिणींच्या बचतीचा व कर्जाचा हिशेब होता. तीं पुस्तकें अलीकडे बदललीं आहेत. दिल्लीच्या पंडितांस जें तेव्हां पुस्तकांत छापवलें, तें आमच्या तालुक्यास फळ्यावर खडूनें लिहिलेलें सोसत नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

पांचवीच्या वर्गांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वेळाचें मापन हा धडा होता. आम्हीं प्रत्येक पोरास आपल्या दिवसाचा तक्ता मांडावयास सांगितलें. मुलींच्या तक्त्यांत पाण्याच्या खेपा आल्या. कोणाच्या चार, कोणाच्या आठ. आम्हीं मध्यम म्हणून सहा धरल्या. एका खेपेस वीस मिनिटें. दिवसाचे दोन तास. वर्षाचे? ७३०. मग फळ्यावर दुसरा आंकडा लिहिला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीस वर्षांत २०० दिवस शाळा व ८०० तास शिकविणें आवश्यक आहे. ७३० आणि ८००! म्हणजे ह्या मुलीची दुसरी एक शाळा विहिरीवर भरते, तिला रविवार नाहीं, दिवाळी नाहीं, आणि तिच्या वर्गोन्नतीचा दाखलाही नाहीं. हिलाच आम्ही मास्तर लोक प्रगतिपुस्तकांत 'गणितांत कच्ची, घरीं सराव आवश्यक' असा शेरा लिहून मोकळे होतों. मुलगे प्रथम हसले. मग त्यांचे तक्ते फळ्यावर आले आणि त्यांच्या पाण्याच्या रकान्यांत शून्य निघालें. शून्य समजाविण्यास ह्याहून चांगलें साधन आम्हांस अजून मिळालेलें नाहीं. वर्षाअखेर दोन घरीं हंडा भावाच्या खांद्यावर गेला. दोनच, पण तोही आंकडाच आहे.

येथवर आमचे बागाईतदार वाचक मान डोलावीत आले असतील. आतां त्यांच्याच कपाळास आठ्या पडतील, त्यास इलाज नाहीं. दिवाळी झाली कीं आमच्या भागांतून कोयते निघतात, म्हणजे ऊसतोडीचीं जोडपीं, आणि त्यांच्याबरोबर वर्गांतलीं पोरेंही निघतात. समजा मुकादमाकडून उचल १,००,००० रुपये, आणि तोडीचा दर टनास ३६६. जोडप्यानें दिवसास दोन टन तोडले तर ७३२ रुपये. उचल फिटावयास किती दिवस? १३७, तेंही एक खाडा न होतां, ताप न येतां, किराणा फुकट मिळाला तर. खाण्यापिण्यास रोजचे २५० काढा; राहिले ४८२; दिवस झाले २०८. परंतु हंगाम चालला समजा १२० दिवसच. फिटले ५७,८४०, अंगावर राहिले ४२,१६०, ते पुढच्या दिवाळीस. हें उदाहरण सोडविणारें पोर त्या ४२,१६० च्या पाठीमागें चालत पुढच्या वर्षींही जाणार, आणि उसाच्या थळांत वाढ्याच्या पेंढ्या बांधणार. कारखाना आमचें व्याज बुडवितो हें उदाहरण ज्यांस आवडलें, त्यांस हेंही आवडवून घ्यावें लागेल. गणित एकाच बाजूस लागूं करणें, तेंच तर खरें राजकारण.

तें मास्तरावरही उलटतें, उलटूं द्या. शालेय पोषण आहारांत पहिली ते पांचवीच्या पोरास १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्यास १५० ग्रॅम व ३० ग्रॅम. आज हजर ४८ व ३०. तांदूळ ४.८ किलो अधिक ४.५, मिळून ९.३ किलो, डाळ ९६० ग्रॅम अधिक ९००, मिळून १ किलो ८६० ग्रॅम. आमच्याकडे चौथीचीं पोरें रोज तराजूनें हें मोजतात व दारावरच्या फळीवर लिहितात. शेजारच्या एका शाळेच्या गुरुजींनीं आम्हांस हळूच विचारलें, "कशाला ओढवून घेतां?" आम्ही काय सांगणार? ज्या दिवशीं पोरास किलो-ग्रॅम समजलें त्या दिवसापासून पातेलें त्याचें झालें.

मात्र हें काम करूं इच्छिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंस एक सावधगिरी सांगून ठेवतों. कोणत्याही एका पोराच्या घरचें कर्ज, बापाची दारू, आईची मजुरी, त्याच्या नांवानें फळ्यावर मांडूं नये. गरिबास स्वतःच्या घराचें झांकण उघडें पडण्याची जी लाज वाटते, ती श्रीमंतास हिशेब उघडा पडण्याच्या भीतीपेक्षां मोठी असते. 'समजा' हा शब्द गणितानें आपणांस दिला आहे, तो ह्याचसाठीं. आंकडे गांवांतून घ्यावेत, नांवें घेऊं नयेत; चिठ्ठ्यांवर बिननांवाचे आंकडे लिहून टोपींत गोळा केले तरी चालतें. जात विचारून हिशेब मांडण्याचेंही कारण नाहीं. हिशेब मांडला कीं जात आपोआप दिसते, आणि पोरांस ती आपल्याआधीं दिसते.

खुलाशाचें उत्तर अद्याप आलें नाहीं. तोंवर आमचें काम चालू आहे. वाचकांपाशीं आमची एकच मागणी आहे. ज्यांच्याकडे उसाच्या बिलाच्या चिठ्ठ्या, गटकर्जाचीं कार्डें, बाजारसमितींतील तोलाईच्या व आडतीच्या पट्ट्या, वीजबिलें असतील, त्यांनीं नांवें खोडून त्यांच्या नकला आपल्या गांवच्या शाळामास्तरांकडे द्याव्यात व निरनिराळ्या गांवच्या ह्या पत्राच्या पत्त्यावरही पाठवाव्यात. त्यांवरून तिसरी ते आठवीपर्यंतचीं उदाहरणें आम्ही तयार करीत आहों. कांद्याच्या पट्टीवरचीं सतरा झालीं आहेत. कापसाचीं व दुधाचीं अद्याप कमी पडतात.